भिंतीपलीकडचे दोन ठोके

कोंबडी कापायच्या कारखान्यात तोंडानं बोलून काही उपयोग नसतो. सरकत्या पट्ट्याची घरघर, पाण्याचे फवारे, थंड हवा फेकणारे पंखे, या सगळ्यात शेजारणीनं स्वतःच्या लग्नाची बातमी दिली तरी ती ऐकू येणार नाही. म्हणून तिथल्या बायकांनी आपली एक भाषा करून ठेवली होती, आणि तीही दोनच शब्दांची. पट्ट्यावरून येणारे तुकडे एखादीला झेपेनासे झाले की तिनं सुरीची मूठ स्टीलच्या कडेवर दोनदा आपटायची. ठक ठक. म्हणजे, मी मागे पडले, माझे दोन घे. शेजारीण एकदाच आपटायची. ठक. म्हणजे घेतले. दिवस मावळायच्या आत कधीतरी दुसरी मागे पडायची आणि पहिली तिचे दोन घ्यायची. आभार मानायची तिथं पद्धत नव्हती. मानले असते तरी ऐकू कुणाला आले असते?

या ओळीत एक बाई डाव्या हातानं सुरी चालवायची, म्हणून तिचं नाव पडलं डावरी. घरी मात्र ती सूनबाई होती. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर, आणि घरात सासरे. पक्षाघातानं सासऱ्यांची डावी बाजू गेली होती आणि जिभेवर जणू कुणी दगड ठेवला होता. हाक मारायची तर घशातून नुसतीच घरघर यायची आणि मग त्यांना स्वतःचाच राग यायचा. डावरीला ते बघवेना. एक दिवस तिनं त्यांच्या उजव्या हातात चमचा दिला, पलंगाशेजारच्या स्टुलावर स्टीलची वाटी पालथी घातली, आणि कारखान्यातली भाषा शिकवून टाकली. सासरे हुशार विद्यार्थी निघाले. ठक ठक केलं की ओट्यावरून उलथन्याची एक ठक यायची, आणि मग ते चमचा खाली ठेवून निवांत दाराकडे बघत बसायचे. आता कुणीतरी येणार, यात त्यांना तिळमात्र शंका नसायची.

भिंतीपलीकडे नियमकाका राहत. अर्थात हे नाव त्यांच्या पाठीमागे घ्यायचं. उभी हयात लोकांच्या घरचे वीजमीटर तपासण्यात गेलेली, लग्न राहून गेलेलं, आणि निवृत्तीनंतर बिल्डिंगच्या समितीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलेलं. गळ्यात पडलं असं ते म्हणत. खरं तर त्यांनीच गळा पुढे केला होता. जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत, दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही, आग लागली तर उपयोगी पडावी म्हणून प्रत्येक घराची एक किल्ली सेक्रेटरीकडे द्यायची. सासऱ्यांच्या वाटीबद्दल त्यांनी डावरीला दोनदा ऐकवलं होतं. तिनंही दोन्ही वेळा मान डोलावली होती आणि वाटी होती तिथंच ठेवली होती.

मग कारखान्यात साथ शिरली. दोन शब्दांच्या भाषेत न मावणारं काही सांगायचं असलं की बायका तोंडावरचा मास्क खाली ओढून एकमेकींच्या कानाला लागत. त्या बंद, थंडगार हॉलमध्ये विषाणूला आणखी काय हवं होतं? आधी ओळीतल्या दोघी आडव्या झाल्या, मग पॅकिंगवाले, मग सगळीकडेच खोकला ऐकू येऊ लागला.

गावाची पाचावर धारण बसली. ज्यांनी वर्षानुवर्षं या बायकांच्या हातचं मिटक्या मारत खाल्लं, त्यांना आता त्यांची सावलीही नकोशी झाली. मांसातून हा आजार येत नाही, असं डॉक्टर घसा फोडून सांगत होते, तरी लोकांनी फ्रीजमधली पाकिटं कचऱ्यात भिरकावली. कारखान्याच्या थांब्यावर बसवाला बस नुसती हळू करायचा आणि निघून जायचा. किराणावाला सामान लांब झाडूच्या दांड्यानं पुढे ढकलू लागला. या बाया घाणेरड्याच, असं म्हणणाऱ्यांना कुठून कळणार, की कामाला हात लावण्याआधी त्या कोपरापर्यंत घासून घासून कातडी सोलवटून घेतात? आणि बिल्डिंगच्या लिफ्टवर नियमकाकांच्या वळणदार अक्षरातली पाटी लागली: कारखान्यात काम करणाऱ्यांनी व त्यांच्या संपर्कात आलेल्यांनी लिफ्ट वापरू नये. डावरी चौथ्या मजल्यावर राहायची. ती पाटी वाचून ती जिना चढू लागली, आणि प्रत्येक मजल्यावर काकांचा उद्धार करत गेली. त्यानं दम जरा कमी लागतो.

एका सकाळी कारखान्याच्या फाटकावरच सगळ्यांची तपासणी झाली. डावरीला ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी तिला बाजूला काढलं आणि इतर बायकांबरोबर गाडीत बसवलं. घरी जाऊन येते, पाच मिनिटांत येते, असं ती परत परत सांगत होती. पांढऱ्या कपड्यातला माणूस भला होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. गाडी गावाबाहेरच्या एका रिकाम्या वसतिगृहापाशी थांबली. खाटेवर बसल्यावर तिला सगळं एकदम आठवलं. सासऱ्यांच्या उशाशी दुपारपुरता भात आणि पाण्याचा तांब्या होता. संध्याकाळचं काहीच नव्हतं. आणि त्यांचा फोन तिनं निघताना घाईघाईत चार्जिंगला लावून कपाटावर ठेवला होता, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी.

तिनं फोन लावला. तो वाजत राहिला. तिच्या डोळ्यांपुढे ते कपाट आणि त्याकडे बघणारे सासरे आले.

मग तिनं दिसेल त्या नंबराला फोन केले. नणंद दुसऱ्या गावात, घरात तान्हं मूल. ती फोनवरच रडायला लागली, उलट डावरीलाच तिची समजूत काढावी लागली. किराणावाल्यानं बघतो म्हटलं आणि पुढचा फोन उचलला नाही. तळमजल्यावरची बाई म्हणाली, बाई गं, तुझं दुःख कळतं पण आमचीही लेकरं आहेत. मदतीच्या नंबरावर नोंद घेतली आहे असं सांगणारा आवाज मोठा गोड होता, पण कुणीही गेलं नाही. जहाजावर फोन लागेना. नियमकाकांचा नंबर तिच्याकडे नव्हता, आणि असता तरी तिनं लावला नसता. संध्याकाळ गेली, रात्र गेली. सकाळी तिच्या पुढ्यात चहा आणि पाव आला तेव्हा ती ताटलीकडे बघत ढसाढसा रडली. आपल्याला पाव मिळतो आणि तिकडे ते उपाशी आहेत, हे तिच्या घशाखाली उतरेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

दर थोड्या वेळानं ती सासऱ्यांचा नंबर लावतच होती. दुपारी तो उचलला गेला.

"दुपारी दोन ते चार भांडी वाजवायची नाहीत, हा नियम तुम्हाला माहीत आहे ना?" पलीकडून नियमकाकांचा आवाज आला. मग जरा खालच्या पट्टीत काका म्हणाले, "यांना मीठ किती चालतं?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते डावरीला त्या दिवशी कळलं.

झालं होतं ते असं. भात संपल्यावर संध्याकाळपासून सासरे वाटी वाजवत होते. नियमकाकांनी आधी दुर्लक्ष केलं, मग दात-ओठ खाल्ले, रात्री कानात कापसाचे बोळे घातले. दुसऱ्या दिवशी घड्याळात दोन वाजून गेल्यावरही ठक ठक चालूच, तेव्हा मात्र त्यांचा संयम संपला आणि त्यांनी छत्रीची मूठ उचलून भिंतीवर एकदा जोरात हाणली. ठक.

पलीकडची वाटी तात्काळ थांबली.

आपला दरारा बघून काका सुखावले. पण नुसतं गप्प करून भागणारा हा माणूस नव्हे. नियम मोडणाऱ्याला तोंडावर नियम सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. एकावर एक दोन मास्क चढवून, हातमोजे घालून ते शेजारी गेले. दार वाजवलं, कुणी उघडेना, म्हणून समितीच्या कपाटातून किल्ली काढली आणि छत्रीच्या टोकानं दार ढकललं.

आत सासरे उशीला टेकून बसले होते. चमचा खाली ठेवलेला, गळ्याशी रुमाल एका हातानं कसाबसा खोचलेला, आणि चेहऱ्यावर हसू. एक ठक आली म्हणजे कोणीतरी येणार, हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी काकांना मान हलवून या म्हटलं आणि तोंड उघडलं. रिकामा तांब्या, रिकामं ताट, ओलं अंथरूण. काका दारात किती वेळ उभे होते ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. कपाटावरचा फोन वाजत होता.

त्या दिवसापासून काकांचा फोन रोज येऊ लागला. मीटरचं रीडिंग कळवावं तसं ते कळवायचे. सकाळी दूध घेतलं. दुपारी बटाटे. संध्याकाळी बटाटे. काकांना उकडलेल्या बटाट्यापलीकडे काही येत नसे, पण ते इतके मऊ कुस्करत की दात नसलेल्या तोंडातही विरघळावेत. वसतिगृहातल्या बायका फोनभोवती जमायच्या आणि आज तरी भाजी बदलली का, म्हणून हसून लोळायच्या. डावरीही हसायची आणि हसता हसता डोळे पुसायची. सासऱ्यांची तपासणी करून घ्यायला काकांनीच माणूस बोलावला. त्यात काही निघालं नाही. त्या रात्री डावरी पहिल्यांदा गाढ झोपली.

एकदा फोनवर काकांना बोलताना धाप लागत होती. तिनं काळजीनं विचारलं तर म्हणाले, काही नाही, दूध आणायला खाली गेलो होतो. लिफ्ट बंद आहे का, असं तिनं विचारलं. "लिफ्ट चालू आहे," काका म्हणाले. "पण पाटी वाचली नाही का तुम्ही? संपर्कात आलेल्यांनी वापरायची नाही." स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पाटीखालून तो सत्तरीचा माणूस रोज चार मजले चढत-उतरत होता. पाटी काढून टाकावी हे त्यांना सुचलं नाही, आणि सासऱ्यांकडे जाणं बंद करावं हेही सुचलं नाही. डावरीनं आजवर प्रत्येक मजल्यावर त्यांचा जो उद्धार केला होता, तो तिनं मनातल्या मनात एक एक करून परत घेतला.

तिला घरी सोडायचं ठरलं तेव्हा बिल्डिंगमध्ये मीटिंग भरली. हिला आत घ्यायचं की नाही, हा विषय. खालच्या लहानशा खोलीत खिडक्या लावून सगळे दाटीवाटीनं बसले. खजिनदारांना खोकला होता, पण तो साधा खोकला, कारण ते थोडेच कारखान्यात होते! नियमकाका दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, डॉक्टरांचा कागद असलेल्या माणसाला स्वतःच्या घरी जाण्यापासून अडवता येईल असा एकही नियम नाही, मी सगळे नियम केलेत, मला माहीत आहे. मीटिंग तिथंच संपली.

डावरी आली ती जिन्यानंच. सासऱ्यांची दाढी केलेली होती, नखं कापलेली होती, आणि अंगावर काकांचा कडक इस्त्रीचा शर्ट होता. तिनं त्यांच्या पायांशी बसून पायांवर डोकं टेकलं, ते बराच वेळ उचललंच नाही. मग उठून शेजारचं दार वाजवलं. कारखान्यात आभार मानायची पद्धत नव्हती, पण हा काही कारखाना नव्हता.

"काका, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही नसता तर..." ती बंद दारालाच म्हणाली.

काकांनी दार फटीपुरतं उघडलं. "पातेलं तुमचं आहे, घासून ठेवलंय," ते म्हणाले. "झाकण माझं आहे. ते तेवढं परत करा." दार लागलं. पण लागता लागता डावरीनं त्यांचे डोळे पाहिले होते, आणि ते झाकणाबद्दल बोलत नव्हते.

काही दिवसांनी कारखाना पुन्हा सुरू व्हायची बातमी आली. बसही थांब्यावर थांबायला लागली. लिफ्टवरची पाटी मात्र तशीच होती. एका संध्याकाळी डावरी भात टाकत होती आणि सासरे खिडकीकडे तोंड करून बसले होते. खजिनदार तापानं पडल्याचं सकाळीच कळलं होतं, आणि मीटिंगला बसलेले निम्मे लोक आता घराघरांत दारं लावून खोकत होते. काकांचं दार तर आज उघडलंही नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवर आवाज झाला. फार हळू, छत्रीच्या मुठीचा.

ठक ठक.

डावरीनं उलथनं हातात घेतलं, पण ती वळेपर्यंत उशीर झाला. सासऱ्यांनी चमचा उचलला होता, आणि अंग वाकवून, होती नव्हती ती सगळी ताकद लावून त्यांनी तो भिंतीवर मारला. एकदाच. मग सुनेकडे बघून त्यांनी दाराकडे बोट केलं.

"घे," ते म्हणाले. जड जिभेनं, पण अगदी स्पष्ट.

तिनं मास्क बांधला, काकांचं झाकण पातेल्यावर घातलं, आणि ती निघाली.