मार्शमॅलोच्या पोटात

चौदा मार्चच्या सकाळी बागेतली रेडिओच्या तालावरची कवायत संपली आणि रोज तिथं भेटणाऱ्या मुनाकातासाननी माझ्या हातात एक पांढरी कागदी पिशवी ठेवली. "परतभेट," एवढंच म्हणाले आणि बुटाची नाडी सुटलेली असताना तसेच फाटकाकडे निघून गेले.

माझा जीव भांड्यात पडला. महिनाभर मी या पिशवीची वाट बघत होते. चौदा फेब्रुवारीला मी त्यांना चॉकलेट दिलं होतं. पोस्टात नोकरीला होते तेव्हा त्या दिवशी मीही इतर बायकांसारखं साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना चॉकलेट वाटायची. तो नुसता उपचार. हे तसलं नव्हतं. हे मी घरी, हातानं केलं होतं. सत्तरीला टेकलेली विधवा बाई दार लावून चॉकलेट वितळवते आहे हे शेजारणीला कळलं असतं तर अख्ख्या हाकाता भागाला कळलं असतं. दिलेल्या चॉकलेटचं उत्तर पुरुषानं महिन्यानं द्यायचं असतं. आणि मला उत्तर हवं होतं, कारण माझा मुलगा मासातो मला ओसाकाला त्याच्याकडे कायमचं राहायला बोलावत होता. घर विकून टाक म्हणत होता. आठवड्यावर आलेल्या विषुवदिनाला पूर्वजांच्या कबरींवर जायची रीत, म्हणून तो वडिलांच्या कबरीवर येणार होता, तेव्हा मला हो किंवा नाही सांगायचं होतं. मुनाकातासानच्या मनात काही असेल तर नाही. नसेल तर इथं राहून मी करणार तरी काय होते?

पिशवीत मार्शमॅलो होते. पांढरे, गुबगुबीत, वर पिठीसाखर भुरभुरलेली. एक तोंडात टाकणार तेवढ्यात ओसाकाहून नात कोहारुचा व्हिडिओ फोन आला. चॉकलेटचं गुपित तेवढं तिलाच माहीत होतं.

"आजी, काय मिळालं? दाखव ना."

मी पिशवी फोनसमोर धरली. पोरीनं कपाळाला आठी घातली. ही पोरगी आठी घालते तेव्हा समजायचं, काहीतरी बिनसलं.

"काय गं?"

"काही नाही. छान आहे पिशवी."

"कोहारु, पिशवीचं कौतुक नको. बोल."

"अगं आजी, साखरेच्या गोळ्या दिल्या तर तू आवडतेस. बिस्किटं दिली तर नुसती मैत्री. आणि मार्शमॅलो म्हणजे..." ती अडखळली. "म्हणजे नको. तोंडात टाकला की विरघळून जातो ना, तसं सगळं संपलं. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये."

"आणि गोळी काय विरघळत नाही?"

"हळूहळू विरघळते. टिकते. तू कडाकडा चावतेस म्हणून तुला माहीत नाही."

मी पिशवी दुमडून तांदळाच्या डब्यामागे ढकलली. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. नको होतं तर तोंडानं सांगायचं होतं. बाईमाणसाच्या हातात नकार असा साखर भुरभुरून द्यायचा?

दुसऱ्या दिवशी कवायतीला मी मुद्दाम मागच्या रांगेत उभी राहिले. संपल्यावर हे गृहस्थ सरळ माझ्याकडेच आले.

"आवडले का?"

"उघडले नाहीत अजून."

त्यांचा चेहरा पडला. चांगला पडला, मी बघितला. "ताजे असतानाच खायचे असतात," असं पुटपुटून ते गेले. मी पुरती गोंधळले. नकार देणाऱ्याचा चेहरा का पडावा? आणि नकार ताजा असतानाच खायचा, ही कुठली रीत? घरी येईपर्यंत विचार केला आणि डोकं दुखायला लागलं, पण उलगडा होईना. शेवटी वैतागून मासातोला फोन लावला आणि सांगून टाकलं, येते मी. तो इतका खूश झाला की विषुवदिनाचीही वाट बघायला तयार नव्हता. घर बघायला दलालाला उद्याच पाठवतो म्हणाला.

मग मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. तांदळाचा डबा सरकवला आणि ती पिशवी पुढ्यात आली. टाकून देणार होते. पण खाण्याचा जिन्नस टाकवत नाही, आणि रागात मला भूक फार लागते. एक तोंडात कोंबला.

आत चॉकलेट होतं.

दुसरा खाल्ला, त्यातही होतं. पांढऱ्या मऊ लुसलुशीत गादीत लपवलेलं, किंचित कडवट, जिभेवर ओघळणारं. इतकं छान काही मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. नकोशा बाईला कुणी इतकं चांगलं खाऊ घालतं का? उभ्या उभ्या मी अर्धी पिशवी फस्त केली आणि आधीपेक्षा जास्तच गोंधळले.

सकाळी रेडिओ सुरू व्हायच्या आधीच मी त्यांना गाठलं. "मुनाकातासान, मार्शमॅलो म्हणजे नको, असं माझी नात म्हणते. मग आत चॉकलेट कशाला?"

ते कानापर्यंत लाल झाले.

"नको? अहो, चौदा मार्चला मार्शमॅलोच द्यायचे ना? मी तरुण होतो तेव्हा इथं हाकातात हेच देत होते. गोळ्या नि बिस्किटं मागाहून आली."

"मी नवऱ्याच्या बदलीनं इथं आले, तेव्हा सगळे बिस्किटंच देत होते."

"तुम्ही दिलेलं चॉकलेट मी माझ्या मायेत गुंडाळून परत देतो, अशी ती कल्पना. म्हणून चॉकलेटवालेच हवे होते. तीन दुकानं हिंडलो." ते खाली बघून म्हणाले, "नको म्हणायला कोण इतकं हिंडतं?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तेवढ्यात रेडिओ वाजला, आणि आम्ही दोघं हात वर-खाली करत राहिलो. माझे सगळे हात चुकत होते.

कवायत संपली तशी ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि साखरेच्या गोळ्यांची पुडी घेऊन आले. "नात म्हणते ते खरं असेल तर हेही असू द्या."

"तुम्ही नाही घेत?"

"माझ्या कवळीला झेपत नाही. तुम्ही खा. संपेपर्यंत मी बसतो."

आम्ही बाकावर बसलो. मी गोळी तोंडात टाकली आणि खिशातला फोन वाजला. मासातो होता.

"आई, दलाल दुपारी येतोय. घरीच थांब."

"त्याला येऊ नको सांग. मी ओसाकाला येत नाही."

"काय? काल तर हो म्हणालीस. आई, झालं काय?"

"तोंडात गोळी आहे. संपली की बोलते."

"कधी संपेल?"

मुनाकातासान वाकून बुटाची नाडी बांधत होते, पण कान इकडेच होते.

"वेळ लागेल," मी म्हणाले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली आणि दात लागू दिला नाही.