सिस्टरशेजारची जागा

मित्रांनो, लिंबागणेशच्या पुढे एका गावात सरकारी दवाखाना आहे. त्याच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला टेकून उभा असलेला बाभळीचा जुना बाक म्हणजेच मी.

बीडच्या हैदर सुताराने मला घडवले. टेम्पोत चढवताना तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दवाखान्यात चाललायस बे, थकलेली माणसं येतील. नीट सांभाळ."

माझी पहिली जागा बाळंतपणाच्या खोलीबाहेर होती. सासवा, नवरे माझ्यावर बसून दाराकडे डोळे लावत. आतून बाळाचे रडणे ऐकू आले की सगळे एकदम उठत आणि पेढ्यांचा पुडा माझ्यावरच सोडत. केवढी ऐट होती माझी! मग स्टीलच्या खुर्च्या आल्या. माझी एक फळी चिरली होती, म्हणून मला उचलून मागे टाकले. उन्हाने रंग उडाला. शेजारच्या कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या. आपले दिवस सरले, असेच मला वाटे.

एका दुपारी पौर्णिमा सिस्टर मागच्या दाराने आली आणि माझ्यावर अक्षरशः कोसळली. ही सिस्टर आणि आमची उज्मा डॉक्टर, दोघी मला लेकींसारख्या. म्हणून मी त्यांना एकेरीच म्हणतो.

त्या सकाळी ऊसतोडीहून नुकतीच परतलेली एक बाई कळा देत आली होती. मुलगा सुखरूप झाला, पण आईचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर शेजारच्या गावात शिबिराला गेलेली. सिस्टरने इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि बाईचे पोट दाबून धरत तीही ॲम्ब्युलन्समध्ये चढली. बीडच्या मोठ्या दवाखान्याकडे जाताना, मांजरसुंब्याच्या पुढे बाईने प्राण सोडला. सिस्टर परतली तेव्हा बाईची सासू चतुराबाई ओरडली, "तूच खाल्लीस माज्या सुनंला!" तेवढ्यात डॉक्टर पोचली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला आधी फोन का नाही केला?"

सिस्टर तिथून वळली. ती सरळ माझ्याकडे आली.

ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर कारभारी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आले. सिस्टर म्हणाली, "भाऊ, मी उद्यापासून येत नाही. नको मला ही नोकरी."

कारभारी दुसऱ्या टोकाला बसले. तांब्या तिच्यापुढे सरकवत म्हणाले, "गाडी म्या चालवीत व्हतो, सिस्टर. मलाबी वाटाया लागलंय, आजून दामटाया पायजे व्हती."

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिले. ते उठले आणि तडक डॉक्टरच्या खोलीत गेले. खिडकीतून मला सगळे ऐकू आले.

"म्याडम, त्यांनी फोन लई येळा लावला. तुमालाच रेंज नव्हती. जाऊन बसा जरा त्यांच्यापाशी."

डॉक्टर बाहेर आली. एरवी ती आपला डबा दार लावून एकटीच खायची. मागच्या अंगणात मी तिला कधी पाहिले नव्हते.

"बसू?" तिने विचारले. सिस्टर सरकली.

"तू सगळं बरोबर केलंस. मी घाबरले होते गं, आणि ते तुझ्यावर काढलं. कॉलेजात आम्हाला सगळं शिकवलं. पेशंट गेल्यावर घरी जाऊन घास कसा गिळायचा, तेवढं नाही शिकवलं."

मग दोघी रडल्या. मित्रांनो, रडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. पण डॉक्टर आणि सिस्टरही रडतात, हे मला त्या दिवशी कळले.

सिस्टर दुसऱ्या दिवशी उशिरा आली, पण आली. कारभारींनी माझ्या फळीला खिळे ठोकले. तेव्हापासून जमेल तेव्हा सगळे इथेच जेवतात. कधी ड्युटीवरून भांडतात, कधी एकमेकांच्या डब्यातली चटणी पळवतात. एखादा दिवस जड गेला की कुणीतरी विचारते, "आज बोलायचंय, का नुसतं बसायचं?"

एकदा कारभारी धावत आले. "चतुराबाई आलीय, नातवाला टोचायला."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर म्हणाली, "मी टोचते. तू बस."

पण तोवर चतुराबाई सिस्टरला शोधत मागेच आली. डॉक्टर सिस्टरच्या शेजारून हलली नाही. म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "त्या दिशी तोंडाला यील ते बोलले, बाई. पोर गेलती ना माजी. पर ह्येला पैल्यांदा तूच हातात धरलंस. सुईबी तूच टोच."

तिने बाळ सिस्टरच्या मांडीवर ठेवले. ते टकमक पाहत राहिले आणि सिस्टरचे बोट धरून चोखू लागले. सिस्टर रडता रडता हसली. "भूक लागलीय याला," ती म्हणाली.

मित्रांनो, दुखले-खुपले की आपण ज्यांच्याकडे धावतो, त्यांनाही दुखते. तुमच्या घरात, शेजारी कुणी सिस्टर, डॉक्टर, आशाताई असेल. ती थकून आली तर लगेच प्रश्न विचारू नका. थोडे सरका आणि तिला शेजारी जागा द्या.