लुशसदादांच्या पहारेकऱ्यांची डुलकी

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या अलाबामातल्या चर्चची गंमत सांगते. पास्टर गात गात प्रवचन करू लागले की "आमेन"चा सूर लावायचा मान डीकन, म्हणजे चर्चचे वडीलधारे सेवक, लुशसदादांचा. पण त्यांची फुप्फुसं अधू, त्यात वर्षात तीनदा न्यूमोनिया. चौथा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सिगारेट ईस्टरलाच सोडली," दादा दवाखान्यातल्या व्हर्लीन नर्सला म्हणाले. "आता फक्त पीचच्या वासाची व्हेप, ती विजेवरची सिगारेट, आणि शनिवारी चर्चसाठी मांस धुरावर भाजायची बार्बेक्यूची भट्टी. हिकरीचं लाकूड, बाई! देवानं दिलेला धूर!"

"दादा, छातीत जंतू गिळणारे पहारेकरी असतात. तंबाखूचा धूर त्यांना एका तऱ्हेनं सुस्त करतो, लाकडाचा दुसऱ्या, व्हेप तिसऱ्या."

"मग त्यांना जागं ठेवणारा धूर कोणता?"

"तसला देवानं अजून केलेला नाही!"

रविवारी पास्टरांनी सूर टिपेला नेला आणि आमेनसाठी थांबले. दादांच्या तोंडून निघाला खोकला. त्यांच्या बायकोनं, ओडेसानं, नर्सचं बोलणं आधीच पास्टरांच्या कानावर घातलं होतं. पास्टरांनी त्याच सुरात गायलं, "भट्टीचा चिमटा खाली ठेव, लुशस!"

"ठेव, ठेव!" सगळं चर्च गर्जलं.

देवासमोर नाही कसं म्हणणार? दादांनी चिमटा आणि व्हेप दोन्ही ओडेसाच्या हवाली केली. पुढच्या शनिवारी तिनं डुकराच्या बरगड्या चक्क ओव्हनमध्ये भाजल्या.

"ह्यात धूर कुठाय गं?" दादा कळवळले.

"तुझ्या छातीत भरपूर आहे. गीळ मुकाट्यानं!"

हिवाळा तोंडावर आलाय. प्रार्थनेला हात जोडाल तेव्हा आमच्या लुशसदादांचं नाव तेवढं घ्या.