पुलाच्या राखणदाराचा भूतकाळ

तिसऱ्या दिवशीही तो माणूस नाट्यगृहात आला, तेव्हा तिथं झाडलोट करणाऱ्या बुबुश एजेनं, म्हणजे बुबुशताईनं, झाडू भिंतीला टेकवला आणि केंजेगुलला फोन लावला.

"अगं, परत आलाय. त्याच फोटोसमोर. दोनदा पायापाशी झाडलं, तरी ढिम्म."

"कोण आहे, ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? जापरकुल. मेंढ्यांच्या फार्मवरचा जुना मुकादम. आज मला विचारत होता, फोटो काढणारी बाई बसते कुठे म्हणून."

"आणि तू सांगितलंस?"

"त्याच्यापुढे खोटं बोलायची तुझी छाती असेल, बाई. माझी नाही."

केंजेगुलनं फोन ठेवला. जापरकुलला नारीन गावात सगळेच वचकून असत. पासष्टीच्या घरातला, दारासारखा रुंद, कुणाच्या लग्नात नाही की मयतीत नाही. कुठला फोटो, हे तिला विचारावंही लागलं नाही; कळपाची गोष्ट एकाच फोटोखाली होती.

बाजारामागे तिचा छोटासा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळांचे फोटो, त्यावर घर चालायचं. त्या वर्षी नाट्यगृहानं नव्या नाटकाचे फोटो मागितले, तेव्हा तिला वेगळंच सुचलं. नटांना वेष चढवून, रंग लावून ती एकेकाला खुर्चीत बसवायची आणि नटाला नाही, त्या पात्राला विचारायची, "नाटक सुरू व्हायच्या आधी तुम्ही कुठे होता?" जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहून फोटोखाली लावायचं. असे बारा फोटो नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात टांगले होते.

सुयुनबेक आबाकडे पुलाच्या राखणदाराचं काम होतं. उणीपुरी अकरा वाक्यं. एरवी हा माणूस तालमीत सगळ्यांच्या नकला करून हसवायचा. पण खुर्चीत बसला, लोकरी टोपी कपाळावर ओढली आणि निराळ्याच आवाजात म्हणाला, "मी वीस वर्षांचा होतो. जूनमध्ये कळप वर डोंगरातल्या कुरणात न्यायचा होता, नदीला पूर होता. सोबत्याचा घोडा पाण्यात गेला. मी त्याचा हात धरला. मग सोडला. गावात सांगितलं की मी जवळ नव्हतोच. तेव्हापासून मी पूल राखतो. निदान दुसरं कुणी पाण्यात उतरू नये."

तिला तेव्हा काटा आला होता, आनंदानं.

आता ती धावतच सुयुनबेकच्या घरी गेली. तो अंगणात लाकडं फोडत होता. जापरकुलचं नाव निघाल्यावर त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"आबा, हे तुम्ही कुठून आणलंत? खरं सांगा."

"मनातून आणलं, दुसरं कुठून?" तो म्हणाला. मग ओंडक्यावर बसला. "थांब. मी लहान होतो. गल्लीत एक बाई मुलासाठी आक्रोश गाऊन रडायची. वर्ष झालं तरी रडायची. 'कुणाच्या हातून निसटलास रे, कुणाचा हात उघडला रे.' तुरारची आई. तुरार नदीत गेला होता." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवशी कळपाबरोबर कोण होतं, ते मला आत्ता आठवतंय. खुदा शपथ पोरी, तेव्हा नाही आठवलं. काढ तो फोटो. आजच्या आज काढ."

"म्हणजे त्यानं खरंच..."

"मला काय माहीत? मी नट आहे. तू काढ तो."

तिनं त्याच दुपारी फोटो उतरवला, कापडात गुंडाळला आणि स्टुडिओत कपाटामागे दडवला. त्या रात्री तिला झोप आली नाही. गाडी थांबल्याचा आवाज आला की ती उठून बसायची. एका माणसाला आपण चारचौघांत खुनी ठरवलं, आणि ते त्याला वाचायला लावलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. आणि तो खरंच तसा असेल तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला जापरकुल स्टुडिओत आला. आत आल्यावर त्यानं मागे हात नेऊन दाराची कडी घातली. बाहेर बाजाराचा कलकलाट चालू होता, ती ओरडली असती तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

"फोटो कुठाय?"

"आबा, माफ करा. ते नाटकातलं आहे. सगळं बनवलेलं. मी काढून टाकलाय."

"का काढलास?"

"तुम्हाला वाईट..."

"का काढलास, म्हणतो मी!" त्यानं टेबलावर तळवा आपटला. पासपोर्टचे फोटो जमिनीवर सांडले. ती भिंतीला टेकली. "पंचेचाळीस वर्षं कुणी तोंडावर बोललं नाही. पाठीमागे सगळे बोलले. पहिल्यांदा कुणीतरी भिंतीवर लावलं, आणि तू काढतेस?"

तिनं कपाटामागून फोटो काढून त्याला दिला. वाटलं, आता फोडेल. तो खुर्चीत बसला आणि त्यानं फोटो मांडीवर ठेवला.

"यात एक चूक आहे. पेन घे."

तिनं पेन घेतलं.

"लिही. मी हात सोडला नाही. माझा घोडाही घसरायला लागला होता. त्यानं घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याची बोटं त्यानं उघडली. मी जवळ नव्हतो असं सांगितलं, कारण यावर कुणी विश्वास ठेवला नसता." त्यानं नजर उचलली. "तू ठेवतेस?"

केंजेगुलला खोटं बोलायची भीती वाटत होती आणि खरं बोलायचीही. "मला माहीत नाही, आबा," ती पुटपुटली.

"बरं बोललीस," तो म्हणाला. "उद्या सकाळी फोटो जागेवर पाहिजे." कडी काढून तो निघून गेला.

तिनं त्याचे शब्द जुन्या मजकुराखाली जसेच्या तसे लिहिले. सकाळी फोटो पुन्हा टांगला. दहा वाजता जापरकुल आला, पण एकटा नव्हता. त्याच्याबरोबर काठी टेकत एक म्हातारी होती. दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. बुबुश एजे केंजेगुलच्या कानाशी लागली, "उल्कान! तुरारची बहीण. या दोघांना शेजारी उभं पाहिलंयस कधी?"

"मला बारीक अक्षर वाचता येत नाही, डोळे अधू झालेत," उल्कान म्हणाली. "हा म्हणतो, तोंडानं सांगायला जमत नाही. तू वाच, पोरी."

केंजेगुलनं वाचायला सुरुवात केली. जापरकुल तिच्या पाठीशी उभा होता, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. 'मग सोडला' या शब्दांवर म्हातारीची काठी फरशीवर वाजली. तिला वाटलं, आता इथे काहीतरी भयंकर घडणार. तरी ती थांबली नाही. खाली जोडलेल्या चार ओळींपर्यंत आली आणि शेवटपर्यंत वाचत गेली.

उल्कान पुढे झाली. फोटोच्या अगदी जवळ जाऊन तिनं डोळे बारीक केले.

"हा कोण? हा तर सुयुनबेक. शेंबडा होता तेव्हा. याला काय ठाऊक?"

कुणी हसलं नाही. मग ती जापरकुलकडे वळली.

"कुठला हात?"

त्यानं उजवा हात पुढे केला. तो हात थरथरत होता, हे केंजेगुलनं पाहिलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला तिच्याहून जास्त भीती वाटतेय हे तिला पहिल्यांदाच कळलं. म्हातारीनं तो हात धरला नाही. नुसता पाहिला, उलटा करायला लावला, पुन्हा पाहिला.

"पाणी फार गार होतं का?"

"फार."

"ओरडला?"

"नाही."

उल्कान बाकावर बसली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तोंड झाकलं आणि तिनं आईचा तोच जुना आक्रोश गायला घेतला. पण कुणाचा हात उघडला, ती ओळ आली तेव्हा ती अडखळली, आणि मग ती ओळ सोडून पुढे गेली. जापरकुल टोपी काढून तिच्यापुढे उभा राहिला. तिनं त्याला बस म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

केंजेगुल तिकीटखिडकीच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली. बुबुश एजेनं तिच्या हातात गरम चहाची वाटी दिली आणि दार ओढून घेतलं.

ते दोघं गेले तेव्हा दुपार झाली होती. एकत्र गेले की वेगवेगळे, ते बुबुश एजेलाही नीट सांगता आलं नाही. त्यानं जे सांगितलं ते खरं होतं की नाही, हे नारीनमध्ये आजही दोन तऱ्हांनी सांगतात.