दोन टाक्यांची मोटार

तिसऱ्यांदा स्टार्टर फिरला आणि दमून थांबला. जागेश्वरचा हात तसाच बटणावर राहिला. मागच्या सीटवर बाळंतपणात अडलेली सत्यवती सासूच्या, गोदावरीबाईंच्या, मांडीवर डोके ठेवून कण्हत होती.

"काहून चालू होत नाही गा, जागेश्वर?" गोदावरीबाईंनी विचारले.

"मी रॉकेलवरच बंद केली, काकी."

कोंढा गावाची ही एकुलती टॅक्सी वीस वर्षे जुनी. चौऱ्याहत्तर साली पेट्रोल कडाडले आणि पवनीच्या टॅक्सीवाल्यांनी रॉकेलची दुसरी टाकी बसवून घेतली. रॉकेल इंजिन खाते म्हणून जागेश्वर वर्षभर अडून राहिला. पण दारात उभी मोटार गंजू लागली, तेव्हा तोही नमला. पेट्रोलवर सुरू करायची, तापली की टाकी बदलायचा कॉक फिरवून रॉकेलवर आणायची आणि थांबण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर न्यायची. हे शेवटचे राहिले, तर निवलेले इंजिन पेटत नाही.

आज अंगणात मोटारीचा धूर भरला होता. पोरीला ठसका लागतो, आधी बंद कर, असे गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्याने तत्काळ ऐकले. सत्यवतीला बाहेर आणेपर्यंत अर्धा तास गेला होता.

चौघांनी मोटार ढकलून पाहिली. मग सत्यवतीच्या नवऱ्याने, इश्वरने, तिला पवनीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली. तो रागावला नाही. बायकोला उचलताना एवढेच म्हणाला, "तू ये मागून. रस्त्यात गाठलंस तं तुह्या गाडीत घेऊ."

जागेश्वरने कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलने धुतला. हँडल मारता मारता तळहात सोलले. दुपार कलली तेव्हा इंजिन धडधडले. पवनीच्या रस्त्याला लागल्यावर त्याने कॉकला हात लावला नाही.

तीन मैलांवर बैलगाडी दिसली. बैलांची तोंडे गावाकडे होती.

धानाच्या बांध्यांमधला रस्ता एका गाडीपुरताच होता. जागेश्वरने मोटार मागे घेतली, चाके चिखलात उतरवून वाट मोकळी केली आणि चपला काढून कडेला उभा राहिला. इश्वर समोर पाहत गेला. सत्यवतीच्या तोंडावर पदर ओढलेला होता. तिच्या उशाशी बसलेल्या गोदावरीबाईंची नजर मोटारीवर गेली.

"झाली का बाबा चालू?" त्यांनी विचारले, एखाद्याच्या घरच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसे.

जागेश्वरने मान हलवली. बैलगाडी वळणाआड गेली, तरी चिखलातल्या मोटारीचे इंजिन संथपणे चालूच होते.