घरटी एक माणूस

गावात मला तापट म्हणतात. म्हणू देत. तापट नसते तर खालच्या पाड्यातल्या बाया आजही हंडा घेऊन वरच्या आळीत दारोदार उभ्या दिसल्या असत्या.

आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं. वरच्या आळीत जमीनवाले, खालच्या पाड्यात आम्ही मिठागरावर राबणारे. भाताचा एखादा तुकडा आमच्याकडेही हाय, पण पोट भरतं ते मिठावर. नळाची लाईन आली ती वरच्या आळीत हैबतरावांच्या दारापर्यंत आली आणि तिथंच बसली. का, तर म्हणे पुढं पाइप कमी पडला! हैबतराव ग्रामपंचायतीत आमच्याच वॉर्डाचे मेंबर, आणि गावकीचे पुढारीही तेच. गावकी म्हणजे देवळात भरणारी गावची बैठक. भांडण कसं मिटवायचं, लग्न कधी लावायचं, मत कुणाला टाकायचं, सगळं तिथं ठरायचं. बाया तिथं बसत नव्हत्या. देवळामागं उभ्या राहून कान लावायच्या.

सत्त्याण्णव साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. पंधरा ऑगस्टला हैबतरावांनी देवळासमोरच्या दगडाला हार घातला. मिठाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेल्यांची नावं त्या दगडावर हायत, पहिलं त्यांच्या वडलांचं. मग दरसालचं भाषण. गावानं खाडीवर मीठ कसं केलं, आणि पोलिसांना पाणी पाजणाऱ्या माणसाला गावानं वाळीत कसं टाकलं. "कुणी त्याच्या हातात दिलं नाय, कुणी त्याच्या हातचं घेतलं नाय! इंग्रजाला घाबरला नाय माझा बाप!" टाळ्या पडल्या.

माझी सासू ठमाबाई माझ्या कानाशी पुटपुटली, "मीठ डोक्यावरून वाहिलं ते आपल्या पाड्यानं. माझ्या आयशीची पाटी पोलिसांनी लाथेनं उडवली, मी समोर होते. तिचं नाव कुठं हाय गो त्या दगडावर?"

नव्हतंच. पाड्यातल्या एकाचंही नव्हतं.

त्याच पावसाळ्यात पंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डाची जागा बायांना राखीव निघाली. हैबतरावांची खुर्ची गेली. पण खुर्ची अशी सोडतो कोण? गावकीनं ठरवलं, त्यांची सून वैशाली बिनविरोध. वैशाली माहेरची रोह्याची, शिकलेली, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. तिला विचारलं का कुणी? छे! ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, तिथं तिला निरोप मिळाला.

माझं डोकं फिरलं. पेणला गेले आणि फॉर्म भरून आले.

माझा नवरा जनू गरीब स्वभावाचा. म्हणाला, "सगुणा, कशाला गो इस्तवाशी खेळतेस?"

"चूल पेटवायची तर इस्तव लागतोच," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी गावकीचं बोलावणं आलं. मी गेले ती देवळामागं नाय थांबले. सरळ आत गेले आणि चटईच्या कडेला बसले. सगळे पुरुष असे बघायला लागले, जसं मांजर देव्हाऱ्यात शिरलंय.

हैबतराव म्हणाले, "फॉर्म मागं घे. बिनविरोध ही आपल्या गावची रीत हाय. गावात दुफळी नको."

"दुफळी कुठं करतेय? मतं मागतेय."

"मत कुणाला द्यायचं ते गावकी ठरवते."

"मग सरकारनं माझं नाव यादीत कशाला घातलं? गावकीच्या नावानं एकच मत टाकायचं, खेळ खलास!"

देवळामागं बाया फिसकन हसल्या. तेवढ्यानं काम बिघडलं. मी उलट बोलले ते एकवेळ चाललं असतं, पण बाया हसल्या ते हैबतरावांच्या जिव्हारी लागलं. ते उभे राहिले. "जोवर फॉर्म मागं घेत नाय आणि देवापुढं माफीचा नारळ ठेवत नाय, तोवर हे घर वाळीत! कुणी हिच्या हातात द्यायचं नाय, हिच्या हातचं घ्यायचं नाय. घेईल त्याला दंड."

पंधरा ऑगस्टचंच भाषण, फक्त पोलिसांना पाणी पाजणाऱ्याच्या जागी मी!

वाळीत टाकणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मारत नाय कुणी, शिवी देत नाय. नुसतं बघत नाय. दुकानात गेले की दुकानदार मागं वळून डबे पुसायला लागायचा. तेलमिठासाठी मी गडबला चालत जायची. गिरणीवाल्यानं माझं दळण उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. आणि पुतळी! शेजारीण माझी, आमच्या दोघींच्या परसात एकच कुंपण. ती मला बघून दार लावून घ्यायला लागली. त्या दिवशी मी रडले. राग आला की मला रडू येतं, पण भीतीनं रडले असेन तर शप्पथ.

गंमत तर जनूची. तो आणि हैबतरावांचा हर्षद, म्हणजे वैशालीचा नवरा, रोह्याला एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. रोह्यात दोघं एका डब्यातून जेवायचे. गावच्या फाट्यावर उतरले की एक रस्त्याच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला, जसे जन्मात भेटले नायत. जनू मला सांगायचा तेव्हा हसायचा, पण ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायचा. एकदा म्हणालाच, "घे गो मागं. नळ नको आपल्याला."

"नळ नको तर नको," मी म्हटलं, "पण आपण माणसं हाव का नाय, ते तर ठरू दे!"

फॉर्म मागं घ्यायची तारीख उलटून गेली. मी पेणला फिरकलेसुद्धा नाय. निशाणी मिळाली कपबशी. आमच्या घरात सगळे चहा पितात पेल्यातून. ठमाबाई म्हणाली, "निवडून आलीस तर एक कपबशी आण बाय. निशाणी काय ते बघू तरी."

मग आली सर्वपित्री अवस. पितरांचं जेवायला बाहेरचं माणूस बोलवावं लागतं, आमच्याकडे कोण येणार? मी कौलावर घास ठेवला आणि कावळा लगेच उतरला. त्याला गावकीनं कळवलं नसावं! ठमाबाई हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात बांधाकडून थाळी वाजली.

खाडीकाठच्या माणसाला तो आवाज झोपेतही कळतो. अवसेचं उधाण भर दुपारी येतं, आणि त्या दिवशी उधाणानं बांध फोडला होता. बांधाला असं खिंडार पडलं की आम्ही म्हणतो खांड गेली. खारं पाणी शेतात शिरलं तर भात जातंच, पण जमीनही पुढची तीन वर्षं मीठ ओकते. म्हणून बांधाची रीत गावकीहून जुनी हाय. थाळी वाजली की घरटी एक माणूस. आजारी असो, पाहुणा असो, घास ताटात टाकून निघायचं. ज्या घरचं माणूस आलं नाय, त्या घराला गावात तोंड नाय.

थाळी वाजवत गावकीचा निरोप्या कान्हू पाड्यात आला. एकेका दारात ओरडला, "खांड गेली! घरटी एक माणूस!" आमच्या दारावरून मात्र खाली मान घालून, थाळी पोटाशी धरून मुकाट गेला.

मी पदर खोचला.

"तुला हाक नाय गो दिली," ठमाबाई म्हणाली.

"मग काय झालं? माझं घर नाय का गावात?"

बांधावर अख्खा गाव. खांड नेमकी हैबतरावांच्या शेतासमोर पडलेली, पण तिथून पाणी शिरलं की सगळ्यांचंच भात जाणार. कान्हू आणि बाप्ये छातीभर पाण्यात बांबू ठोकत होते, पेंढा कोंबत होते. आणि माती काढायच्या खणीपासून खांडीपर्यंत माणसांची रांग, चिखलाचे मोठमोठे गोळे हातोहात पुढे जात होते. बांधावर उभे राहून हैबतराव ओरडत होते, "लवकर! लवकर!" त्यांना स्वतःला आता गोळा उचलवत नव्हता, आणि हर्षद जनूबरोबर रोह्याला शिफ्टला. पण घरटी एक म्हणजे घरटी एक. हैबतरावांच्या घरची रांगेत उभी होती वैशाली, गुडघ्यापर्यंत चिखलात.

तिच्या आणि पुतळीच्या मध्ये रांग विरळ होती. दोघींना हात लांबवावे लागत होते. मी जाऊन त्या जागेत उभी राहिले आणि पुतळीसमोर दोन्ही हात पसरले.

पुतळीच्या हातात गोळा. तिनं माझ्याकडे बघितलं, मग हैबतरावांकडे.

"देऊ नको तिला!" हैबतराव ओरडले. "दंड होईल! ए सगुणा, हो बाहेर!"

रांग थांबली. खणीकडचे गोळे हातातच राहिले. खाली पाण्यातून कान्हू बोंबलला, "माती! अरे माती द्या, बांबू सुटतोय!"

"नाय होत बाहेर!" मी म्हटलं. माझा आवाज तसाही लहान नाय. "घरटी एक माणूस ना? मग सांगा सगळ्यांदेखत, माझं घर ह्या गावात हाय का नाय? नाय म्हणा, म्हणजे मी आत्ता जाते. पण मग पुढच्या पंधरा ऑगस्टला त्या दगडासमोर उभं राहून बोलायचं नाय. माझ्या सासूच्या आयशीनं मीठ वाहिलं ते तुमच्या घरात मेंबरकी मुरवायला नाय वाहिलं!"

पाण्याचा आवाज तेवढा वाढत होता. पुतळीच्या हातातून गोळा सुटून माझ्या पायाशी पडला. मी वाकले, उचलला, आणि वळून वैशालीसमोर धरला.

खरं सांगते, मला वाटलं ती नाय घेणार. त्या घरची सून ती. सासऱ्यासमोर तिचा आवाज गावानं ऐकला नव्हता. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, खांडीकडे बघितलं. पदर तिच्या डोक्यावरून कधीच खाली घसरला होता.

तिनं गोळा घेतला. सरळ माझ्या हातातून, बोटाला बोटं लागली.

"मामंजी," ती म्हणाली, "बाजूला व्हा. माती येतेय."

हैबतराव रांगेच्या वाटेतच उभे होते. झाले बाजूला. काय करतील? बांध बोलतो तेव्हा गावकीला गप्प बसावं लागतं. पुतळीनं दुसरा गोळा माझ्या हातात ठेवला तेव्हा ती हुंदके देत होती. मी म्हटलं, "रड नंतर, आधी माती दे!" आणि आम्ही दोघीही हसलो. ओहोटी लागेपर्यंत रांग थांबली नाय. माझ्या हातून किती गोळे गेले आणि किती जणांनी माझ्या हातचं घेतलं, त्याचा दंड लावायचा तर अख्खा गावच विकावा लागला असता.

संध्याकाळी कान्हू दारात आला, ह्यावेळी मान वर करून. "हैबतरावदादांनी सांगितलंय, वाळीत टाकलेलं मागं घेतलंय. फक्त रीत म्हणून देवापुढं माफीचा नारळ ठेव."

"माफी कसली रे? मी काय चोरी केली? नारळ फोडीन मी, पण पाड्यात नळाला पाणी येईल त्या दिवशी. जा, सांग तुझ्या दादांना."

"असंच सांगू?"

"असंच. शब्द गिळू नको."

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर बायांची रांग होती. हैबतराव झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत, म्हणजे प्रत्येकीला आठवण राहावी. वैशाली माझ्या पुढे उभी होती. आम्ही दोघी एकमेकींविरुद्ध उमेदवार! ती वळली आणि झाडाखाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगुणाताई, तुमची निशाणी कुठली हो? मला नीट आठवत नाय."

रांगेतल्या बाया पुढे सरकून कान लावायला लागल्या.

"कपबशी," मी म्हटलं.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी निवडून आले. तिचं मत कुणाला पडलं ते मी तिला आजवर विचारलं नाय. मत गुप्त असतं, आणि ते तिचं हाय, गावकीचं नाय.

नळासाठी पेणच्या ऑफिसात चपला झिजवल्या. पाइप येऊन पडला तर खोदायला माणूस नाय, माणूस आला तर साहेब नाय. पण पुढच्या वर्षी पाड्याच्या तोंडाशी नळ बसला. ठमाबाईनं तोटी फिरवली. आधी नुसतीच हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. म्हातारी ओंजळ धरून उभीच राहिली, प्यायचं विसरून.

मी नारळ फोडला. साहेब आले होते, म्हणून हैबतरावही आले होते, पांढऱ्याशुभ्र टोपीत. खोबरं वाटत वाटत मी त्यांच्यासमोर आले. त्यांनी हात पुढे केला. मी तुकडा लगेच नाय दिला. पुतळी बघत होती, कान्हू बघत होता, वैशाली तर डोक्यावरचा पदर मागं सारून बघत होती.

"माझ्या हातचं हाय हैबतराव," मी म्हटलं. "चालेल ना?"

त्यांचा हात तसाच पसरलेला. वर बघितलं नाय त्यांनी.

"दे," म्हणाले.

मग दिला.