लोथारच्या चेरीवरचे पत्रे

फाल्कचं एक वागणं रोझविथाला कधीच पटलं नाही. पोटचा मुलगा, पन्नाशी उलटलेला, डोक्यावरचं रान विरळ झालेलं, पण काही विचारलं की तोंडातून निघायचं ते नुसतं "हं". जेवण बरं झालंय का? हं. छप्पर गळतंय, बघणार आहेस का? हं. बायकोशी भांडलास की काय? हं. त्या एका हुंकारात होकार असायचा, नकार असायचा आणि 'आई, आता पुरे कर' हेही असायचं. ज्याचं त्यानं ओळखून घ्यायचं.

"त्याच्यापेक्षा गाय बरी," रोझविथा सुनेला म्हणायची. "ती निदान दूध काढायला उशीर झाला की हंबरते."

"मी तर त्या 'हं'च्या भरवशावर संसार मांडला, आई," इनेस म्हणायची. "लग्नाच्या कचेरीत त्या बाईनं दोनदा विचारलं, तरी हा हंच. शेवटी तिनंच कंटाळून शिक्का मारला."

रोझविथाचं, म्हणजे श्लॉटांचं घर पूर्व जर्मनीत, फोग्टलांडच्या डोंगरात, चेक सीमेला चिकटून. त्यांच्या गावात एके काळी घरोघरी अकॉर्डियनचं काम चालायचं. रोझविथा आठवी उरकली तशी अकॉर्डियनच्या कारखान्यात गेली. शाळेनं तिला फार काही दिलं नाही, आणि तिनंही शाळेकडे फार काही मागितलं नाही. जे मिळालं ते ड्रिलच्या यंत्रापाशी. डाव्या हाताच्या बटणांची फळी, तिच्यावर एकेक भोक पाडायचं, केसभरही इकडे तिकडे नाही. पुढे दोन जर्मनींचा एक देश झाला आणि कारखाना मोडीत निघाला. तेव्हा तिनं नवऱ्याला हातगाडी घेऊन पाठवलं आणि स्वतःचं यंत्र घरी आणवलं. नवरा, गॉटहार्ट, यंत्र उतरवून खुर्चीत बसला तो खिडकीपाशीच बसला. त्याला कोणी पुन्हा कामाला बोलावलं नाही, आणि काही वर्षांत तो त्या खिडकीतच संपला. यंत्र मात्र अजून चालू होतं.

आता त्या यंत्रावर फाल्कचं काम चालायचं. जगभरातले हौशी लोक सिंथेसायझरचे सुटे भाग जोडून स्वतःचं वाद्य उभं करतात. एक भाग सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला हेलकावे देतो, आणि सगळ्यांच्या मधून तारांचं जंजाळ. हे भाग हल्ली पिशवीत भरून घरपोच येतात, पण त्यांचे पुढचे पत्रे चिमुकले. बटणं इतकी दाटीवाटीनं की एक फिरवायला जावं तर शेजारचं फिरतं. ज्यांच्याकडे अशा वाद्यांची जुनी मोठी कपाटं आहेत, किंवा ज्यांची बोटं आता जाड आणि आखडलेली आहेत, असे लोक ती पिशवी फाल्ककडे पाठवायचे. फाल्क चिमुकला पत्रा बाजूला टाकायचा, बोर्डवरची बटणं सोडवायचा, आणि लांब तारा जोडून तीच बटणं वीतभर उंचीच्या रुंद पत्र्यावर बसवायचा. असा तयार झालेला भाग म्हणजे घरात सगळ्यांचा 'डबा'. हे वीतभर पत्रे आखायचे, टोचायचे, भोकं पाडायची आणि कडा घासायच्या, हे सगळं रोझविथाचं. त्यात दुसऱ्या कोणी हात घातलेला तिला खपत नसे. आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, ती पोलादी टोच्यानं तीन ठिपके ठोकायची. कारखान्यात प्रत्येकीची खूण असायची, तिची ही.

ईस्टरच्या सुमाराला लाइपझिगहून टॉयशर म्हणून एक गृहस्थ आपला डबा न्यायला आले होते. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस, बोलायला गोड. पत्र्यावरून बोट फिरवून म्हणाले, "काय सफाई आहे! ही भोकं कोणी पाडली?"

आणि त्या दिवशी फाल्क चक्क बोलला. "आईनं," म्हणाला.

त्या एका शब्दावर रोझविथा पुढचे कितीतरी आठवडे जगली. चर्चच्या बायकांच्या कॉफीला गेली की गोष्ट तिथे वळवायचीच. "लाइपझिगचा माणूस, बरं का. ऑर्गनवाला. त्यांचे कान आणि डोळे दोन्ही तयार असतात." बायका एकमेकींकडे बघायच्या आणि केक पुढे सरकवायच्या.

जूनमध्ये चेरी पिकल्या. शनिवारी सकाळी रोझविथा पातेलं घेऊन शेजारी लोथारकडे निघाली. लोथार तिच्याच वयाचा, एकाच वर्गातला, आणि त्याच्या झाडाच्या चेरी दर वर्षी तिच्या केकात जायच्या. कुंपणाशी आली तशी तिला खणखण ऐकू आली. वारा सुटला की खण, थांबला की गप्प.

"काय रे, गाईच्या घंटा झाडाला बांधल्यास की काय?"

"अगं रोझी, ये ये. पाखरांना लावलंय," लोथार शिडीवरून म्हणाला. "गेल्या वर्षी सगळ्या चेरी त्यांनीच खाल्ल्या. जुन्या सीडी लावल्या तर त्यांच्यावरच बसून आरसा बघितल्यासारखी नटायची. हे मात्र चांगलं वाजतंय. पत्र्याला पत्रा लागला की पाखरं पळतात."

रोझविथानं वर बघितलं. पानांमध्ये अॅल्युमिनिअमचे पत्रे लटकत होते, वीतभर उंच, भोकंच भोकं. एक तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. तो वाऱ्यानं फिरला, आतली बाजू पुढे आली, आणि खालच्या कोपऱ्यात तीन ठिपके.

"हे कुठून आणलंस?"

"मी कशाला आणू? तुझ्या फाल्कनंच दिले. भंगार आहे म्हणाला, घेऊन जा. हिवाळ्यापासून देतोय अधूनमधून. बांधायला भोकं आयतीच आहेत ना." लोथार शिडीवरच थांबला. "का गं? काय झालं?"

"काही नाही. हा एक सोडून दे मला."

"चेरी नकोत?"

"चेरीही दे. केक तर करायचाच आहे."

घरी आली तेव्हा फाल्क आणि इनेस बाजाराला गेलेले. रोझविथानं पातेलं स्वयंपाकघरात ठेवलं, पत्र्यावरची पाखरांची घाण ओल्या फडक्यानं अर्धीमुर्धी पुसली आणि खाली कामाच्या खोलीत गेली. फळीवर फाल्कचे तयार डबे ओळीनं ठेवले होते, सोमवारी पाठवायचे. तिनं एक उचलून उलटा केला. तारा बाजूला सारून कोपरा बघितला. कोरा. दुसरा बघितला, तोही कोरा. भोकांच्या कडा गोल, गुळगुळीत, सगळ्या सारख्या. यंत्रानं कापलेल्या. सीमेपलीकडे चेक बाजूला असली कामं करून देणारं दुकान आहे हे तिला माहीत होतं. इनेस दर पंधरा दिवसांनी पेट्रोल स्वस्त म्हणून तिकडे गाडी घेऊन जायची.

ती स्टुलावर बसली. टॉयशरनं बोट फिरवलं होतं ते ह्या कडांवर. आणि ती कॉफीला गावभर सांगत होती.

जरा वेळानं तिनं चेरीवरचा पत्रा आणि तयार डबा शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींना भोकं तेवढीच, अंतरं तीच. मग पत्रा असा का टाकला? तिनं तो उभा धरला, आडवा धरला, उजेडाला धरला. मग उलटा करून ठिपक्यांची बाजू वर आणली आणि डब्याशेजारी ठेवला. आता भोकं हुबेहूब जुळली. ठिपक्यांची बाजू वर असताना. म्हणजे आतली बाजू.

तिला कळायला तेवढंच पुरलं. अकॉर्डियनची बटणांची फळी आतून आखायची असते. दांड्या आत, तारा आत, काम आत. बाहेरची बाजू वाजवणारासुद्धा कधी बघत नाही, त्याचा हात पट्ट्याखाली असतो. त्या सवयीनं ती बटणांच्या जागा दाखवणारं कागदावरचं चित्र पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवत आली होती. आधीच्या पत्र्यांना भोकं मधोमध एका रांगेत असायची, त्यामुळे कुठूनही आखलं तरी फरक पडला नाही. हिवाळ्यापासून नवी वाद्यं आली, मोठं बटण डावीकडे, बारकी उजवीकडे, अशी तिरपागडी. आतून आखलेला असा पत्रा समोरून बघितला की उजव्याचं डावीकडे. आणि गिऱ्हाइकाला तर चित्राप्रमाणेच हवं असतं, सवयीनं हात जाईल तिथे बटण हवं.

"उलटं," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

मग ती उठली, नवा पत्रा काढला आणि चित्र बाहेरच्या बाजूला चिकटवलं. हात मानेना. डोळ्यांना सगळं परकं दिसत होतं, घर चुकल्यासारखं. पहिला टोचा मारायच्या आधी ती दोनदा थांबली. मग यंत्र चालू केलं. पहिलं भोक, दुसरं, मोठ्या बटणाचं, मग तारा खोचायच्या बारीक भोकांची रांग. कडा घासल्या, पत्रा उलटला आणि कोपऱ्यात तीन ठिपके ठोकले. तयार डब्यावर ठेवून बघितला. केसभरही इकडे तिकडे नाही. त्यानंतर ती वर जाऊन केकचं पीठ मळायला लागली.

दुपारी कॉफीला टेबलावर चेरीचा केक होता, त्याच्या एका बाजूला तो पाखरांचा पत्रा, दोरीसकट, आणि दुसऱ्या बाजूला नवा. इनेसनं आधी पत्र्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. फाल्कनं बघून खाली मान घातली.

"बसा," रोझविथा म्हणाली. "आधी केक खा. गार केक लागत नाही चांगला."

"आई," इनेस म्हणाली, "मीच आणायचे तिकडून. त्याला एकट्याला बोलू नका."

"तुला बोलत नाहीये. तू गाडी चालवलीस. गाडी कुठे न्यायची ते कुणी सांगितलं?"

"हं," फाल्क म्हणाला.

"हं नाही. आज हं चालणार नाही. आज पुरं वाक्य."

फाल्कनं काटा खाली ठेवला. "पहिला पत्रा उलटा आला तेव्हा वाटलं, एखादा आला असेल. दुसराही तसाच. मग सांगायला गेलो, तर तू यंत्राला तेल घालत होतीस. गाणं गुणगुणत होतीस. मला वाटलं, सांगितलं की तू यंत्र झाकून ठेवशील."

"आणि?"

"आणि खिडकीत जाऊन बसशील. बाबांसारखी."

बाहेर लोथारच्या झाडात वारा आला आणि खणखण झाली. इनेसला एकदम हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. फाल्कच्याही तोंडाचा कोपरा हलला. रोझविथा मात्र हसली नाही.

"लाइपझिगच्या माणसाला काय सांगितलंस? 'आईनं.' माझ्यासमोर. ते खोटं मात्र बरं तोंडातून निघालं रे."

"तू किती खूश झालीस, आई."

"झाले. गावभर सांगितलं. आता पुढच्या गुरुवारी त्या सगळ्या बायकांसमोर मलाच बसायचंय, तुला नाही."

तिनं नवा पत्रा उचलून त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो हातात घेतला, पुढून बघितला, उलटून ठिपके बघितले, पुन्हा पुढून बघितला. बोटानं मोठ्या भोकाची कड चाचपली.

"हा बरोबर आहे," तो म्हणाला.

"बघ, बोललास. मी काही वितळले नाही, छप्परही पडलं नाही." रोझविथानं स्वतःच्या ताटलीत केकचा तुकडा घेतला, त्याच्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "ऐक आता, एकदाच सांगते. तुझा बाप खिडकीत बसला, कारण त्याला कोणी काम दिलं नाही. मला तू काम देत राहिलास आणि ते माझ्या पाठीमागे झाडाला टांगलंस. ह्यातलं वाईट कुठलं ते तूच ठरव. चूक माझी होती, फाल्क, माझीच होती. ती माझ्या हातात द्यायची होतीस. सोमवारी पहिलं भोक पाडायच्या आधी तू माझ्या शेजारी उभा राहायचंस, आणि चुकलं तर तोंडानं 'चुकलं' म्हणायचंस. तेवढा एक शब्द ज्याला आईसमोर बोलता येत नाही, त्यानं दारावरच्या पाटीवर श्लॉटांचं नाव लावू नये."